दोघांची होडी

गेल्या वर्षी हिवाळ्यात एन.सी.सी.च्या नौदल विभागाच्या शिबिरात मी पहिल्यांदा शर्यतीच्या शिडाच्या होडीत बसलो. मी कोकणातला. घराच्या मागल्या दारी खाडी, आणि तांडेलांच्या मुलांबरोबर पाण्यात वाढलेला. त्यामुळे घाटावरून आलेल्या छात्रांना आपण सहज मागे टाकू याविषयी माझ्या मनात शंका नव्हती. घडले ते निराळेच.

आमची होडी एंटरप्राइज वर्गाची, म्हणजे दोघांची. सुकाणू आणि मोठ्या शिडाची दोरी जोडीदाराच्या हाती. पुढच्या लहान शिडाची दोरी माझ्या हाती. पहिल्या बोयाच्या जवळ येईपर्यंत आम्ही तिसरे होतो. तेथे होडी केव्हा वळवायची यावरून आमचे वाजले. त्याला लगेच वळायचे होते, मला थोडे पुढे जायचे होते. त्याने सुकाणू ढकलले आणि मी हट्टाने माझ्या हातातली दोरी सोडली नाही. पुढच्या शिडात उलट्या बाजूने वारा भरला आणि आम्ही दोघे पाण्यात! होडी सरळ करून आत चढेपर्यंत सगळे निघून गेले होते. आम्ही शेवटचे आलो.

त्या संध्याकाळी चूक कोणाची यावर आम्ही मोठमोठ्याने बोलत होतो. आमच्या प्रशिक्षकांनी ते ऐकले आणि शांतपणे एवढेच सांगितले की निकालाच्या फलकावर होडीचा एकच क्रमांक लिहिला जातो, माणसांचे दोन वेगळे क्रमांक लिहिण्याची तेथे सोय नाही. ते वाक्य मला लागले.

परत आल्यावर आपल्या ग्रंथालयात या शर्यतींविषयी काही मिळते का ते पाहू लागलो, आणि वाचता वाचता पीटर स्कॉट हे नाव पुन्हा पुन्हा भेटू लागले. भूगोलाच्या सरांना विचारले तेव्हा त्यांनी मला वर्ल्ड वाइल्डलाइफ फंडाच्या पांडाची आठवण करून दिली. वह्यांवर, पाकिटांवर, मोटारींच्या काचांवर आपण पाहतो तो काळापांढरा पांडा या गृहस्थांनीच रेखाटून सिद्ध केला. १९६१ साली ती संस्था स्थापन करणाऱ्यांपैकी ते एक. तिची भारतीय शाखा १९६९ साली मुंबईत सुरू झाली. पक्ष्यांचा अभ्यासक आणि चित्रकार म्हणून जग ज्याला ओळखते, तो माणूस होड्यांच्या शर्यतींच्या पुस्तकांत काय करीत होता? त्या कुतूहलातून मी त्यांचे चरित्र जमवीत गेलो. मित्रहो, त्यातले मला जे मोलाचे वाटले ते येथे मांडतो.

पीटर स्कॉटचा जन्म १४ सप्टेंबर १९०९ रोजी लंडनमध्ये झाला. वडील कॅप्टन रॉबर्ट फाल्कन स्कॉट, दक्षिण ध्रुवाचे प्रसिद्ध संशोधक. आई कॅथलीन शिल्पकार. १७ जानेवारी १९१२ रोजी कॅप्टन स्कॉट ध्रुवावर पोचले, पण नॉर्वेचा आमुंडसेन त्यांच्या आधी महिनाभर तेथे येऊन गेला होता. परतीच्या वाटेवर बर्फात कॅप्टन स्कॉट आणि त्यांचे सोबती मरण पावले. पीटर तेव्हा जेमतेम अडीच वर्षांचा होता. मृत्यू समोर दिसत असताना वडिलांनी पत्नीला लिहिलेल्या पत्रात, जमल्यास मुलाला निसर्गाच्या अभ्यासाची गोडी लावावी, अशी इच्छा व्यक्त केली होती. वडिलांकडून या मुलाला मिळालेला वारसा असा होता: अजरामर कीर्ती, एक हरलेली शर्यत आणि एक पत्र.

मोठ्या बापाचा मुलगा होणे सोपे नसते. जिकडे जावे तिकडे लोक आधी वडिलांचे नाव घेणार, मग मुलाकडे पाहणार. पीटर केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात निसर्गविज्ञान शिकायला गेला. पण त्याचे मन पुस्तकांत कमी आणि दलदलीत उतरणाऱ्या रानहंसांत व बदकांत जास्त. पहाटे अंधारात बंदूक घेऊन चिखलात दबा धरून बसायचे, आणि परत आल्यावर तेच पक्षी रंगवायचे, असा त्याचा क्रम. शेवटी १९३१ साली तो कलेचा इतिहास घेऊन पदवीधर झाला. म्हणजे एका अर्थाने आपल्याच शाखेचा! त्यानंतर त्याने चित्रकलेचे रीतसर शिक्षण घेतले. १९३३ साली लंडनमध्ये चित्रांचे पहिले प्रदर्शन भरले. त्याच सुमारास इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, वॉशच्या आखाताजवळ, वापरात नसलेल्या एका जुन्या दीपगृहात तो राहायला गेला. सभोवती ओसाड खाजण आणि वर वारा व पक्षी.

या एकांतातच त्याचा दुसरा नाद वाढत होता. हा नाद म्हणजे डिंगी, अर्थात लहान उघड्या शिडाच्या होडीची शर्यत.

ज्यांनी ही शर्यत पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. शिडाची होडी वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाऊ शकत नाही. वारा जेथून येतो त्या दिशेला बोया असेल तर तिरपे तिरपे, नागमोडी जावे लागते. प्रत्येक वळणाला वेग कमी होतो. त्यात वारा एका दिशेला स्थिर राहत नाही. घटकेत थोडा उजवीकडे, घटकेत डावीकडे फिरतो. ज्याला हे फिरणे आधी कळते तो योग्य क्षणी वळतो आणि कमी अंतरात बोया गाठतो. पुढची होडी तुमच्या वाऱ्याच्या बाजूला असेल तर तिच्या शिडांमुळे तुमच्याकडे येणारा वारा मोडतो. तेव्हा तिच्या सावलीतून बाहेर पडून मोकळा वारा शोधावा लागतो. शर्यतीचा प्रारंभही धावण्याच्या शर्यतीसारखा नसतो. होड्या रेषेच्या मागे फिरतच असतात. तोफ वाजेल त्याच क्षणी वेगात रेषेवर पोचायचे असते. लवकर गेलात तर परत फिरावे लागते, उशीर केलात तर पुढच्यांचा मोडका वारा खावा लागतो. थोडक्यात, हा बुद्धिबळाचा डाव आहे. फरक एवढाच की पटच हलत असतो.

पाण्यावरची काळसर लहर पाहून पुढची झुळूक ओळखणे, ढगाच्या कडेवरून वाऱ्याचा पालट जोखणे, हे काम डोळ्यांचे. स्कॉटचे डोळे कसे तयार झाले असतील हे मला त्याच्या चित्रांचा विचार करताना उमगले. वाऱ्यावर पंख तिरपे करून उतरणारा हंसांचा थवा ज्याने हजार वेळा पाहिला आणि कागदावर उतरवला, त्याला वारा दिसत असला पाहिजे. सराव म्हणजे तीच हालचाल शंभरदा करणे हे खरेच, पण शंभरदा लक्षपूर्वक पाहणे हाही सरावच आहे.

१९३६ साली बर्लिनचे ऑलिंपिक सामने झाले. शिडांच्या शर्यती कील येथे होत्या. एकट्याने चालवायच्या ओ-योले नावाच्या होड्यांत ब्रिटनतर्फे स्कॉट उतरला. होड्या यजमानांनीच पुरवलेल्या, सगळ्या एकाच घडणीच्या. म्हणजे माझी होडी वाईट होती अशी सबब सांगायला जागा नाही. हॉलंडचा काखेलांड पहिला, जर्मनीचा क्रोगमान दुसरा आणि स्कॉट तिसरा आला. सव्वीस वर्षांच्या चित्रकाराला कांस्यपदक! एवढ्यावर थांबला असता तरी क्रीडाक्षेत्रात त्याचे नाव राहिले असते.

पण माझ्या मते त्याची खरी कहाणी यानंतर सुरू होते, आणि ती दोघांच्या होडीतली आहे.

इंग्लंडमध्ये त्या काळी चौदा फुटी आंतरराष्ट्रीय डिंगीचा मोठा बोलबाला होता. या वर्गाची प्रतिष्ठेची शर्यत म्हणजे प्रिन्स ऑफ वेल्स चषक. तो १९२७ पासून सुरू झाला. अनेक शर्यतींच्या गुणांची बेरीज तेथे नसते. वर्षातून एक दिवस, एक शर्यत, आणि त्यात जो पहिला तो विजेता. १९२८ साली उफा फॉक्स नावाच्या कल्पक होडीकाराने अव्हेंजर ही होडी बांधून या वर्गात क्रांती केली. तिचा तळ असा घडवलेला होता की जोराच्या वाऱ्यात ती पाणी कापत न जाता पाण्यावर उचलली जाऊन घसरत धावे. त्या एका हंगामात अव्हेंजर ५७ शर्यतींत उतरली आणि ५२ वेळा पहिली आली. तेव्हापासून एक गोष्ट सर्वांना कळली: होडी जितकी सपाट ठेवाल तितकी ती पळेल. कलली की वेग गेला.

होडी सपाट ठेवायची कशी? वारा शिडाला दाबून होडी कलंडवू पाहतो. तिला तोलून धरायला दोन माणसांच्या वजनाखेरीज दुसरे काही नसते. म्हणून दोघेही काठावर बसून शरीर बाहेर झोकून देतात. मांड्या भरून येतात, पोट दुखते, आणि तरीही वारा वाढला की शीड सैल सोडावेच लागते. सैल सोडले की वेग गेलाच.

१९३७ साली स्कॉटने हा चषक पहिल्यांदा जिंकला. नंतर तो आणि त्याचा मित्र जॉन विंटर यांनी पुढच्या वर्षासाठी मिळून तयारी केली. फॉक्सकडून बांधून घेतलेल्या त्यांच्या होडीचे नाव होते थंडर अँड लाइटनिंग, म्हणजे गडगडाट आणि वीज. १९३८ च्या शर्यतीत इतरांनी पाहिले ते असे: डोलकाठीच्या वरच्या भागापासून एक तार खाली आलेली, ती एका माणसाच्या कमरेच्या पट्ट्यात अडकवलेली, आणि तो माणूस होडीच्या काठावर पाय रोवून, अंग आडवे करून, चक्क समुद्रावर लटकलेला! आज याला ट्रॅपीझ म्हणतात. टेम्स नदीवरच्या होड्यांत असा प्रयोग आधी झाला होता, पण मोठ्या शर्यतीत तो उतरवला या दोघांनी. काठावर बसलेल्यापेक्षा असा लटकलेला माणूस होडीला कितीतरी अधिक तोलून धरतो. तराजूची दांडी लांब केली की लहान वजनही मोठे काम करते, तोच हा नियम. वाऱ्यात इतरांना शीड सैल सोडावे लागले तेथे ही होडी ताठ आणि सपाट पळत राहिली. चषक अर्थातच त्यांचा झाला.

आता नीट लक्ष द्या. सुकाणूवर होता विंटर. तारेवर लटकलेला होता स्कॉट. ऑलिंपिकमध्ये एकट्याच्या बळावर पदक मिळवलेला, आदल्या वर्षी हाच चषक जिंकलेला माणूस या शर्यतीत खलाशी झाला! तारेवरच्या माणसाचे जगणे-मरणे सुकाणूवाल्याच्या हाती असते. त्याने न सांगता होडी वाऱ्याकडे वळवली की शिडातला जोर संपतो आणि लटकलेला माणूस पाठीवर पाण्यात आपटतो. उलट तारेवरच्याने आत यायला क्षणभर उशीर केला की होडी त्याच्या बाजूला कलंडते. वळताना तार सोडणे, वाकून शिडाखालून दुसऱ्या काठावर जाणे, तेथली तार अडकवणे आणि पुन्हा अंग बाहेर झोकणे, हे सारे दोघांच्या एका श्वासात व्हायला हवे. हे बोलून जमत नाही. कोण केव्हा काय करणार हे आधी ठरलेले आणि अंगवळणी पडलेले असावे लागते. हे वाचताना मला माझ्या हातातली ती न सोडलेली दोरी आठवली आणि मनातल्या मनात मी जोडीदाराची क्षमा मागितली.

पण गोष्ट येथे संपत नाही. त्या विजयानंतर लगेच शर्यतीच्या नियामकांनी त्या तारेवर बंदी घातली. कोणी म्हणू शकेल, हा विजय युक्तीचा होता, गुणाचा नव्हे. हा आक्षेप मला बरेच दिवस टोचत होता. समान होड्यांच्या शर्यतीत एकाने असे साधन आणावे की ज्याची इतरांना कल्पनाही नाही, हे न्याय्य आहे काय? नियमात नव्हते म्हणून त्याला फसवणूक म्हणता येणार नाही, हे खरे. पण नियमाबाहेर नसलेली प्रत्येक गोष्ट शोभणारीच असते असेही नाही.

याचे उत्तर मला त्याच्या आयुष्याच्या पुढच्या पानांत मिळाले. त्यासाठी मध्ये दुसरे महायुद्ध ओलांडावे लागते. १९३९ साली युद्ध पेटले आणि स्कॉट राखीव नौदलातून आरमारात गेला. ब्रोक नावाच्या विनाशिकेवर तो अटलांटिकमध्ये होता. एप्रिल १९४१ मध्ये कॉमोरिन या जहाजाला भर समुद्रात आग लागली. आपल्या कन्याकुमारीच्या टोकाचे इंग्रजी नाव तेच या जहाजाचे नाव. लाटा डोंगराएवढ्या. ब्रोक पुन्हा पुन्हा त्या जळत्या जहाजाला लगटत गेली आणि वरची माणसे लाटेचा क्षण साधून तिच्यावर उड्या टाकीत राहिली. दीडशेहून अधिक माणसे अशी वाचली. दोन जहाजे एकमेकांवर आपटू न देता उडीएवढे अंतर राखणे हेही तारेवरचेच काम! पुढे त्याने वेगवान गनबोटींचे नेतृत्व केले आणि शौर्याची पदके मिळवली.

युद्ध संपले. १९४६ साली प्रिन्स ऑफ वेल्स चषक स्कॉटने तिसऱ्यांदा जिंकला. या वेळी तार नव्हती. तिच्यावरची बंदी कायम होती. म्हणजे पहा, १९३७ चा विजय तारेच्या आधीचा, १९४६ चा विजय तारेच्या नंतरचा. साधन काढून घेतले तरी जे उरते ते त्या माणसाचे स्वतःचे. तार बंद करता येते. वारा वाचण्याची नजर, जोडीदाराशी जमलेला मेळ आणि हाताला लागलेले वळण यांवर कोणाला बंदी घालता येईल?

बंदी घातली म्हणून तो रुसून बसला नाही, हे मला अधिक आवडले. उलट १९५५ ते १९६९ अशी चौदा वर्षे तो आंतरराष्ट्रीय यॉट रेसिंग युनियनचा अध्यक्ष होता. ज्याची युक्ती नियमाने अडवली तोच नियम करणाऱ्यांच्या खुर्चीत बसला. याच काळात नव्या होड्यांत ट्रॅपीझ रीतसर मान्य झाले, सर्वांना सारखे. १९६० च्या ऑलिंपिकमध्ये फ्लाइंग डचमन ही ट्रॅपीझवाली होडी उतरली, तेव्हा स्कॉट अध्यक्ष होता. मला वाटते, आक्षेपाचे खरे उत्तर हेच. एकट्याच्या हाती असते तेव्हा जी युक्ती वाटते, ती सर्वांच्या हाती आली की कला होते. १९८२ च्या आशियाई सामन्यांत मुंबईच्या समुद्रावर फारुख तारापोर आणि झरीर करंजिया या जोडीने फायरबॉल वर्गात सुवर्णपदक मिळवले, ती होडीही तारेचीच.

तो नेहमी जिंकलाच असे मात्र समजू नका. १९६४ साली अमेरिका चषकासाठी सॉव्हरिन या ब्रिटिश नौकेचे सुकाणू त्याच्याकडे होते. ही डिंगी नव्हे, मोठी थोरली यॉट. अमेरिकेच्या कॉन्स्टेलेशनने चारही शर्यती जिंकल्या. त्यांतली एक तर वीस मिनिटांहून अधिक फरकाने. सगळ्या जगापुढे झालेला तो पराभव होता. वडिलांच्या वाट्याला दुसरा क्रमांक आला आणि त्यात त्यांचा जीव गेला. मुलाने हार पत्करली आणि तो आपल्या कामाला परत गेला.

ते काम म्हणजे पक्षी. १९४६ साली, चषकाच्याच वर्षी, त्याने सेव्हर्न नदीकाठी स्लिमब्रिज येथे पाणपक्ष्यांसाठी संस्था काढली. हवाई बेटांवरचा नेने हा हंस तेव्हा जेमतेम तीसेक उरला होता. १९५० साली त्यांची एक जोडी स्लिमब्रिजला आणली. काही दिवसांनी दोघांनीही अंडी घातली! जोडी नव्हतीच ती, दोन्ही माद्या. मग नर मागवावा लागला. जोडीदाराविना काही चालत नाही हे पक्ष्यांनीही त्याला शिकवले म्हणायचे. पुढे तेथे पिले वाढली आणि १९६२ पासून ती हवाईत परत सोडण्यात येऊ लागली. ज्या हातांनी तरुणपणी बंदूक चालवली होती त्या हातांनी ती कायमची खाली ठेवली. १९७३ साली त्याला सर हा किताब मिळाला. २९ ऑगस्ट १९८९ रोजी, ऐंशी पुरी व्हायला दोनच आठवडे उरले असताना, त्याचे निधन झाले.

आता शेवटी थोडे आमच्याविषयी. यंदाच्या शिबिरापूर्वी मी आणि माझ्या त्याच जोडीदाराने वसतिगृहाच्या ओसरीत दोन बाके मांडून वळण्याचा सराव केला. दोरी सोडायची, वाकायचे, पलीकडे बसायचे, दोरी ओढायची. येणारेजाणारे हसत होते. निर्णय त्याचा, वारा पाहून सांगण्याचे काम माझे, असे आम्ही आधीच ठरवून टाकले. पाण्यावर एकदा मला त्याचा निर्णय चुकीचा वाटला. हात क्षणभर आखडला. पण मी दोरी सोडली. निर्णय खरोखरच चुकीचा होता! तरी होडी उभी राहिली आणि पुढच्या वळणावर आम्ही अंतर भरून काढले. अकरा होड्यांत आमचा क्रमांक चौथा लागला.

बक्षीस काही मिळाले नाही. पण त्या संध्याकाळी आम्ही भांडलो नाही. ओले कपडे दोरीवर टाकून उद्याचा वारा कसा असेल यावर आम्ही दोघे बराच वेळ बोलत बसलो होतो.